डावा खांदा

दोन वर्षं मी पंधरावर अडकले होते. पंचवीस चकत्या हवेत उडायच्या, त्यातल्या पंधरा फुटायच्या. दिवस चांगला असला तर सतरा, सकाळची पाळी उरकून थेट नेमबाजीच्या रेंजवर गेले तर बारा. पण महिनाभराचा हिशेब डोक्यात मांडला की उत्तर तेच, पंधरा.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. समोर जमिनीत एक खड्डा असतो, त्यावर सपाट छप्पर. खड्ड्यातलं यंत्र बशीएवढी केशरी चकती समोरच्या मोकळ्या माळावर भिरकावतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी सरळ. कुठे जाईल ते आधी कळत नाही. आपण छर्ऱ्याची बंदूक खांद्याला लावून मागे उभे असतो. "पुल!" असं ओरडलं की चकती सुटते, आणि तुम्ही श्वास सोडेपर्यंत ती लांब गेलेली असते. तेवढ्यात तिला गाठायचं. चकती डांबर आणि चुनखडीची असते, आणि रेंजवर सगळे तिला बर्ड म्हणतात.

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात नियंत्रण कक्षात काम करते. घरी आई आणि मी, नंदनवन वस्तीत दोघीच. एकेचाळिसाव्या वर्षी एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून, नुसतं बघायला म्हणून रेंजवर गेले. घरी जाताना वाट जराशी वाकडी केली की लागते. तिथल्या लोकांनी क्लबची बंदूक हातात दिली, कशी धरायची ते दाखवलं. पहिल्या पाच चकत्या शाबूत गेल्या. सहावी फुटली. हवेत काळा ठिपका झाला, त्याचे तुकडे गवतात पडले, आणि मला मनाशी स्पष्ट कळलं की हे आपल्याला येणार आहे. माझा स्वभावच तसा. एखादी गोष्ट येणार असं एकदा वाटलं की ती येईपर्यंत मी तिथून हलत नाही. म्हणून पंधरावर अडकल्यावर मला रडू आलं नाही, राग आला.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. सगळ्यात मोठ्या आवाजात सल्ला द्यायचे ते जरीपटका भागातले एक दुकानदार. पडद्याच्या कापडाचं दुकान, दर रविवारी सकाळी सगळ्यात आधी हजर. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, पण मला दीदी म्हणायचे.

"दीदी, तुम्ही ज्यादा सोचता," ते म्हणायचे. "हा डोक्याचा खेळ नाही. मारत राहा. हजार मारल्यावर हात आपोआप जाते."

आमचे प्रशिक्षक बरोबर उलट. फौजेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, कमी बोलणारे. सगळे त्यांना सर म्हणायचे. माझी एखादी चकती चुकली की ते मागून एवढंच म्हणत, "मागे राहिला." म्हणजे छर्रे चकतीच्या मागून गेले, बंदूक आणखी पुढे न्यायला हवी होती. मी पुढे न्यायचे. पुढच्या वेळी पुन्हा, "मागे राहिला." उजवीकडे जाणाऱ्या चकत्यांवर तर हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की ती सुटली की माझ्या कानात ते आधीच वाजायचं.

शेवटी मी ठरवलं की कुणाचा सल्ला बरोबर ते भांडून ठरणार नाही, करून ठरेल. आमच्या कामात बॉयलरचा एखादा आकडा बिघडला तर दहा बटणं एकदम दाबत नाहीत. एक गोष्ट बदलायची, थांबायचं, बघायचं. मी सरावाचंही तसंच करायचं ठरवलं. एक पद्धत, तीन आठवडे, त्या काळात दुसरं काही नाही. ती चालली तर ठेवायची, नाही तर सोडायची.

पहिला मान दुकानदार भाऊंना. तीन रविवार त्यांच्याबरोबर उभी राहिले आणि त्यांच्याइतक्या फैरी झाडल्या, एक फैर म्हणजे पंचवीस चकत्या. पहिल्या रविवारी मजा आली. दुसऱ्या रविवारी खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग पडला. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की घोडा दाबायच्या क्षणी मी डोळे मिटते आहे. दणका येणार म्हणून शरीर आधीच आक्रसत होतं. त्या दिवशी माझे अकरा झाले.

"आता सोडू नका," भाऊ म्हणाले. "हेच तर टायम आहे."

"भाऊ, मी चुकायचा सराव करून राहिले," मी म्हटलं. "शंभर वेळा चुकीचं केलं की चुकीचंच पक्कं होतं."

ते हसले आणि पुढच्या फैरीला उभे राहिले. त्यांचे त्या दिवशी वीस झाले होते, त्यामुळे माझं म्हणणं त्यांना पटायचं काही कारण नव्हतं. मलाही त्यांना पटवायचं नव्हतं. ती पद्धत त्यांच्यासाठी होती, माझ्यासाठी नव्हती.

दुसरी पद्धत सरांची. मी विचारल्यावर त्यांनी मला बंदूक घेऊच दिली नाही. दुसरे नेम धरत असताना मला त्यांच्या मागे उभं केलं, दोन्ही कानांवर आवाज अडवणारे मफ, उजवा हात पुढे, बोट चकतीकडे.

"फक्त बघायचं," सर म्हणाले. "बर्ड नाही बघायचा, त्याची पुढची कड बघायची. कड दिसली की मनात 'हां' म्हणायचं. आधी म्हटलं तर खोटं."

मला वाटलं, यात काय आहे. पहिल्या दिवशी कड एकदाही दिसली नाही. नुसती केशरी रेघ दिसायची. दुसऱ्या आठवड्यात एकदा दिसली. चकती फिरत होती, तिच्या काठावरच्या रेषा दिसल्या, आणि क्षणभर ती हवेत थांबल्यासारखी वाटली. मी मोठ्यानं "हां!" म्हणाले. नेम धरलेला माणूस दचकला आणि त्याची चकती सुटून गेली. सरांनी त्याची माफी मागितली, पण मिशीत हसत होते. तीन आठवड्यांनी बंदूक हातात घेतली तेव्हा सतरा झाले, पुढच्या रविवारी पुन्हा सतरा. ही पद्धत मी ठेवली.

तिसरी पद्धत घरची. बंदूक क्लबच्या कुलपात राहते, ती घरी आणता येत नाही. म्हणून मी बांबूची एक काठी बंदुकीइतकी लांब कापली, मागच्या टोकाला जुन्या चपलेचं रबर बांधलं. रोज शंभर वेळा ती कमरेपासून गालाला आणि खांद्याला लावायची. काठी दरवेळी गालाच्या त्याच हाडावर यायला हवी. काठीच्या टोकाला छोटी टॉर्च बांधून, भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेघेवरून तिचा उजेड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा, रेघ न सोडता.

हा उद्योग चालायचा पुढच्या खोलीत, आणि तिथेच आईचं शिलाई मशीन. आई चाळीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. आता मी नोकरी करते, तिला गरज नाही, पण गल्लीतल्या बायका दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नाहीत. ते दिवस ऑक्टोबरच्या आधीचे होते. दीक्षाभूमीला जायचं म्हणून सगळ्यांना पांढऱ्या साडीवर नवा ब्लाउज हवा होता, आणि आईच्या खाटेवर पांढऱ्या कापडाचा ढीग होता. ती माझ्याकडे तोंड करून काजं करत बसायची, मी काठी उचलत राहायचे. दोन-चार दिवस असेच गेले. मग एका दुपारी सुई थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुही मान काहून वाकडी होते वं?"

"कुठं वाकडी?"

"काठी लावली की होते. अशी." तिनं आपली मान उजवीकडे कलती करून दाखवली. "काठी उजवीकडे हाय आन् तू डोकं तिच्यावरून पलीकडे नेऊन राहिली."

"गाल टेकवायचा असतो, आई."

"गाल टेकवाले इतकं लागत नाई. मी इतक्या बायांचे खांदे पाह्यले, मले शिकवू नको." तिनं ब्लाउज बाजूला ठेवला. "इकडे पाय. माह्या नाकाकडे धर काठी. दोन्ही डोये उघडे ठेव."

मी धरली. काठीच होती, म्हणून धरली. आई खाटेवरून पुढे वाकली आणि एक डोळा मिटून माझ्याकडे पाहू लागली, शिलाईची रेघ सरळ आली का ते बघते तशी.

"तू मले डाव्या डोयानं पाहून राहिली," ती म्हणाली. "काठीच्या टोकावर मले तुहा डावा डोया दिसते. उजवा तर बाजूलेच हाय."

मी काठी खाली केली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. मग उभी राहून दोन्ही डोळ्यांनी बघत अंगठा पुढे धरला, खिडकीच्या कडीवर नेला, एक डोळा मिटला, दुसरा मिटला. नेम धरणारा डोळा मिटला की अंगठा कडीवरून उडी मारून बाजूला जातो. माझा उजवा असता तर उजवा मिटल्यावर उडी यायला हवी होती. मी नीट पाहिलं, उलटच होतं. डावा मिटला की उडी, उजवा मिटला की जागेवर. म्हणजे नेम धरणारा डोळा डावा.

आणि तिथे उभी असतानाच मला दोन वर्षांपूर्वीचा प्रशिक्षणाचा पहिला दिवस आठवला. सरांनी नव्या लोकांना रांगेत उभं करून दोन्ही हातांच्या पंजांमध्ये छोटी खिडकी करायला लावली होती. त्यातून लांबचा खांब बघायचा आणि कोणत्या डोळ्यानं दिसतो ते सांगायचं. माझ्या आधीचे चौघं "उजवा" म्हणाले. मला नीट कळलं नव्हतं. मागे रांग होती, मी एकटीच बाई होते, वेळ लावायची लाज वाटली. मीही "उजवा" म्हणाले.

म्हणजे दोन वर्षं बंदूक उजव्या खांद्यावर आणि नेम डाव्या डोळ्याचा. छर्रे दरवेळी जरासे डावीकडे जात होते. डावीकडे उडणाऱ्या चकतीला ते आयतेच पुढे पडायचे, ती फुटायची. उजवीकडे उडणारीच्या मागे राहायचे. सरांचं वाक्य खरं होतं. त्याचं कारण मात्र मी त्यांच्यापासून लपवलं होतं, स्वतःला न कळता का होईना.

रविवारी लवकर गेले. सर यंत्रात चकत्या भरत होते. मी त्यांना सांगितलं, आणि आईनं काय केलं तेही. त्यांनी मला समोर उभं केलं, बोट त्यांच्या नाकावर धरायला लावलं. बराच वेळ पाहिलं. मग खड्ड्याच्या कठड्यावर बसले.

"माझी चूक झाली, ताई," ते म्हणाले. "दोन वर्षं मी तुमच्या मागे उभा राहिलो. समोर एकदाही उभा राहिलो नाही."

"सर, त्या दिवशी मी न बघताच उजवा म्हटलं होतं."

"तुम्ही नव्या होत्या. मी नवा नव्हतो."

माणूस किती मोठा आहे ते मला त्या कठड्यापाशी कळलं. चूक वाटून घेता आली असती, त्यांनी घेतली नाही.

आता तीन रस्ते होते. एक, घोडा दाबताना डावा डोळा मिटायचा. दोन, चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावायचा, म्हणजे त्या डोळ्याला चकती धूसर दिसेल आणि उजवा पुढाकार घेईल. तीन, सगळं सोडून डाव्या खांद्यावर बंदूक घ्यायची, म्हणजे त्रेचाळिसाव्या वर्षी पहिलीपासून सुरुवात. सरांचं मत चिकटपट्टीचं होतं. भाऊंचंही, आणि ते दोघं एखाद्या गोष्टीवर सहमत झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

मी म्हटलं, आधी एकेका रविवारी तिन्ही बघते.

डोळा मिटून बघितलं. चकती किती लांब आहे याचा अंदाजच येईना. एका दिवसात सोडलं. चिकटपट्टी लावली आणि पहिल्याच फैरीत एकोणीस झाले. भाऊंनी टाळ्या वाजवल्या. "बस, दीदी! काम झालं!" तिसऱ्या रविवारी डाव्या खांद्यावर घेतली. सरांनी क्लबच्या कपाटातून सरळ दस्त्याची एक जुनी बंदूक काढून दिली, जी दोन्ही बाजूंना चालते. माझा डावा हात घोड्यावर असा बसला की जणू कुणा दुसऱ्याचा हात आहे. पाय कुठे ठेवायचे ते कळेना. काडतूस भरताना दोनदा खाली पडलं. पंचवीसपैकी सात.

सात. मागे बसलेल्या कुणीतरी खोकल्यासारखा आवाज काढला, तो खोकला नव्हता.

पण ते सात मी पाहिले होते. चिकटपट्टीच्या एकोणिसांत अर्ध्याहून जास्त चकत्यांचा नुसता टवका उडाला होता. कडेचा एखादा छर्रा लागलेला, बाकीची चकती जवळजवळ अख्खी गवतात पडलेली. नियमाप्रमाणे टवका उडाला तरी फुटलीच म्हणायची. डाव्या खांद्यावरच्या सातांपैकी सहांचा धूर झाला होता. तुकडा दिसलाच नाही, काळा ढग दिसला. म्हणजे छर्ऱ्यांचा झोत बरोबर मधोमध बसला होता. सहा वेळा का होईना, पण मी पहिल्यांदा जिथे बघत होते तिथेच मारलं होतं.

"सर, मी डावा खांदा घेते," मी म्हटलं.

"एकोणीस सोडून?"

"एकोणीस ओढूनताणून आहेत. हे सात माझे आहेत."

त्यांनी एकदा गवतात बघितलं, एकदा माझ्याकडे. "सहा महिने लागतील," ते म्हणाले.

"लागू देत."

भाऊंना मात्र माझं डोकं फिरलं असंच वाटलं. पुढचे कित्येक रविवार मी आले की ते "लेफ्टी आ गयी!" म्हणून ओरडायचे. त्यात वाईट काही नव्हतं, पण सोपंही नव्हतं. दहा, नऊ, बारा, पुन्हा नऊ. मी घरी काठी डावीकडून उचलायला लागले, रोज दोनशे वेळा. आई समोर बसून मान तपासायची. "सरळ हाय," म्हणायची. "आता खांदा वर गेला. खाली घे." ब्लाउजचं माप घेताना बायकांना म्हणते त्याच आवाजात. रेंजवर अर्धा वेळ नुसती कड बघायची, आणि काडतुसं मोजकीच, तीही फक्त उजवीकडे जाणाऱ्या चकत्यांवर. जे येत नाही तेच करायचं, आणि थकवा आला की लगेच थांबायचं. थांबणं हाही सरावाचा भाग आहे हे मी भाऊंच्या तीन रविवारांत शिकले होते, त्याबद्दल त्यांचे आभारच मानते.

चौथ्या महिन्यात एका सकाळी सोळा झाले. मी पंधरा ओलांडलेत हे माझ्या लक्षातही आलं नाही. सरांनी मागून सांगितलं.

एकोणीस पुन्हा गाठायला सहा महिने लागले नाहीत, आठ लागले. पुढच्या हिवाळ्यात क्लबची वार्षिक स्पर्धा झाली. बाहेरच्या जिल्ह्यांतूनही लोक आले होते. आई म्हणाली, "मी येतो, पाहतो तर खरं काय करते तू." मी तिला कानांत घालायला बोळे दिले, तिनं त्यावर पदरही गुंडाळला आणि मांडवात पहिल्या रांगेत बसली. पहिल्या फैरीत माझे एकवीस झाले. दुसऱ्या फैरीत मी सलग अठरा फोडल्या. एकोणिसावी सरळ गेली, सगळ्यात सोपी, आणि तीच चुकली, कारण मी मनात मोजत होते. पुढच्या सहाही फुटल्या. चोवीस.

बायकांच्या गटात मी दुसरी आले. पहिली आलेली मुलगी माझ्या निम्म्या वयाची होती आणि तिची एकही चकती टवक्यावर फुटली नव्हती. ती जिंकायलाच हवी होती. भाऊंचे दोन्ही फैरींत वीस-वीस. ते माझ्याकडे आले, माझा हात हातात घेतला आणि हलवतच राहिले.

"दीदी, खरं सांगतो," ते म्हणाले, "मले वाटलं होतं तुम्ही सोडून देणार."

"मलाही दोनदा वाटलं होतं," मी म्हटलं. हे खोटं होतं. मला एकदाही वाटलं नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना तेच ऐकायचं होतं.

गर्दी पांगल्यावर आई सरांजवळ गेली. तिला खड्डा बघायचा होता. सरांनी तिला कठड्यापर्यंत नेलं, एक शाबूत चकती हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली, वजन घेतलं.

"एवढीशी?" ती म्हणाली. "आन् हे कोन फेकते?"

सरांनी तिला लांब वायरचं बटण दाखवलं. "तुम्ही फेका, बाई. ताई 'पुल' म्हणाल्या की दाबा."

मी हसत जागेवर जाऊन उभी राहिले, बंदूक डाव्या खांद्याला. "पुल!"

काहीच आलं नाही. मी वाट पाहिली, मान वळवून मागे बघायला लागले, आणि तेवढ्यात चकती सुटली. मी घाईनं मारली, ती शाबूत जाऊन गवतात पडली.

मागून आईचा आवाज आला. "ध्यान कुठं हाय वं तुह्यं?"

सर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मी दुसरं काडतूस भरलं, पाय नीट टेकवले आणि पुन्हा ओरडले.